नापास करणारा तोच मालक

‘घरबसल्या कमवा’ या दोन शब्दांशी मला भांडायचं आहे. फोनवर येणाऱ्या जाहिरातीत ते असतात, बचत गटाच्या शिबिरात आलेला वक्ता ते म्हणतो, आणि हल्ली माहेरी-सासरीही ते कौतुकानं ऐकू येतात. ‘बरं झालं बाई, घरबसल्या चार पैसे मिळतात!’ यातला ‘घरबसल्या’ हा शब्द खोटा आहे, कारण घरात बाई बसलेली कधी नसते. आणि ‘कमवा’ हा शब्द अर्धा आहे, कारण किती, कधी आणि कोणाकडून, हे तो सांगत नाही.

मी सोलापुरात राहते. गेली सहा वर्षं मी घरी राहून इंटरनेटवर छापले जाणारे लेख लिहिते. या धंद्यात त्याला ‘कंटेंट रायटिंग’ म्हणतात. गुडघेदुखीवर काय करावं, लग्नाची साडी कशी निवडावी, गृहकर्ज घेताना काय पाहावं, पावसाळ्यात कुठे फिरायला जावं. सांगतील त्या विषयावर, सांगतील तितक्या शब्दांत. लेखाखाली माझं नाव नसतं. लेख कोणत्या संकेतस्थळावर जाणार हेही बहुतेक वेळा सांगत नाहीत. काम देणारी एक एजन्सी असते, तिला काम देणारी दुसरी एजन्सी असते, आणि सगळ्यांत वर ज्याला आपला माल खपवायचा आहे तो उद्योग असतो. हे वर्णन आमच्या गावातल्या कोणत्याही विडी कामगार बाईला ऐकवा. ती म्हणेल, ‘यात नवीन काय? कारखानदार, ठेकेदार आणि आम्ही.’

तिचं म्हणणं खरं आहे, आणि तेच मला या लेखात मांडायचं आहे. घरात बसून लेख लिहिणाऱ्या बाईला ‘स्वतंत्र उद्योजिका’, ‘फ्रीलान्सर’ अशी छान छान नावं दिली जातात. पण ती कामगार आहे. हे आपण जोवर मोठ्यानं म्हणत नाही, तोवर तिला कामगाराचा एकही हक्क मिळणार नाही.

आधी हिशोब

बाईच्या कामाचा हिशोब कागदावर मांडला की निम्मा वाद तिथंच संपतो, म्हणून आधी तो मांडते. मी सुरुवात केली तेव्हा मराठी लेखाला शब्दामागे १५ पैसे मिळत. आज २५ मिळतात. हजार शब्दांचे २५० रुपये. ऐकायला वाईट वाटत नाही. पण हजार शब्द आपोआप खाली पडत नाहीत. विषय समजून घ्यायला, चार ठिकाणी वाचायला दोन तास जातात. लिहायला तीन तास. शोधणाऱ्याला आपलाच लेख आधी दिसावा म्हणून ठरावीक शब्द ठरावीक वेळा लेखात यावे लागतात. त्यासाठी वाक्यं पुन्हा फिरवायची. मग दुरुस्त्या येतात, एकदा, दोनदा, कधी तीनदा. त्यांचे वेगळे पैसे नाहीत. सगळे मिळून सहा-सात तास. म्हणजे तासाला जेमतेम चाळीस रुपये. त्यात वीज माझी, इंटरनेटचं रिचार्ज माझं, कॉम्प्युटर माझा, त्याची दुरुस्ती माझी आणि पाठदुखीही माझीच.

२०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ती पुरेशी होती असं कुणी म्हणणार नाही. तरीही ती सरकारनं ठरवलेली होती, जाहीर होती, हजेरीपटावर लिहिली जात होती. माझी एम.ए.ची पदवी, माझा कॉम्प्युटर आणि माझी वीज घालून मी दिवसाला त्याहून कमी मिळवते. आणि माझा दर कुठल्याही सरकारी कागदावर नाही. तो एजन्सीच्या मनात आहे.

आता वेळेचा हिशोब. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि तीच कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २८९ झाली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषानंही आपली नऊ वाचवून घेतली! घरातून काम करणाऱ्या बाईची ही पाच तासांची पाळी सुटत नाही. उलट ती ‘घरीच तर आहे’ म्हणून गॅस सिलेंडर घ्यायला, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला, शेजारच्या मुलांकडे लक्ष ठेवायला तीच असते. लेख लिहिला जातो तो रात्री साडेदहानंतर किंवा पहाटे चारला.

मग ही सोय नेमकी कोणाची? कंपनीला जागा भाड्यानं घ्यावी लागत नाही. नगरपालिकेला पाळणाघर काढावं लागत नाही. एस.टी.ला संध्याकाळची सुरक्षित गाडी सोडावी लागत नाही. नवऱ्याला कुकर लावावा लागत नाही. इतक्या सगळ्यांची सोय एकटी बाई करते, आणि वर तिलाच सांगितलं जातं की ही तुझ्यासाठी सोय आहे.

छाट

विडीच्या धंद्यात एक शब्द आहे, छाट. बाई पानं, तंबाखू, सूत घरी आणते, विड्या वळते आणि मोजून देते. तपासणारा त्यातल्या काही बाजूला काढतो. ही सैल, ही आखूड, हिचं तोंड नीट मुडपलेलं नाही. ती झाली छाट. छाट विडीची मजुरी बाईला मिळत नाही आणि विडीही परत मिळत नाही. ती मालकाकडेच राहते. या छाटीवरून पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली आहेत.

दोन वर्षांपूर्वी एका एजन्सीनं माझे अकरा लेख ‘दर्जात बसत नाहीत’ म्हणून नापास केले. कोणता दर्जा, ते सांगितलं नाही. पैसे दिले नाहीत. तीन महिन्यांनी त्यातले सात लेख मला एका संकेतस्थळावर दिसले, शब्दन् शब्द तेच. माझ्या वाक्यातला एक स्वल्पविरामसुद्धा हललेला नव्हता. मी पत्र पाठवलं, फोन केला. तिसऱ्या फोननंतर माझा नंबर त्यांच्याकडे लागेनासा झाला. माझ्या ओळखीच्या चौघींना वेगवेगळ्या ठिकाणी हाच अनुभव आला आहे. आम्ही याला आता सरळ ‘छाट’ म्हणतो. शब्द नेमका बसतो.

विडी कामगारांच्या छाटीची गोष्ट मात्र इथं संपली नाही, आणि म्हणून ती आपल्याला माहीत असायला हवी. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी विड्या वळणाऱ्या बायकांनाही कामगार धरलं. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयानं कायदा उचलून धरला. मग भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला. मालक म्हणाले, या बायका आमच्या कामगार कशा? त्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळेला, आमची देखरेख नसताना काम करतात. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं हेही म्हणणं फेटाळलं. न्यायालयानं धरलेला मुद्दा साधा होता. तयार विडी नापास करण्याचा अधिकार मालकाच्या हातात आहे ना? मग तीच देखरेख, तेच नियंत्रण. घरी वळणारी बाई कामगारच आहे.

मैत्रिणींनो, हा निकाल प्रत्येक लिहिणाऱ्या बाईनं लक्षात ठेवावा. नापास करण्याचा हक्क ज्याच्या हातात, तो मालक. तो स्वतःला एजन्सी म्हणो, क्लायंट म्हणो की प्लॅटफॉर्म म्हणो.

ही कसोटी आमच्या कामाला लावून बघा. विषय ते देतात. शब्द किती, ते सांगतात. कोणते शब्द किती वेळा यावेत, ते सांगतात. मुदत त्यांची. तपासणारं यंत्र त्यांचं. पास-नापास त्यांचं. दरही त्यांचा. माझ्या हातात काय उरलं? रात्री साडेदहाला लिहायचं की पहाटे चारला, एवढंच स्वातंत्र्य! आणि त्यावरून मी ‘स्वतंत्र’ ठरते.

आम्ही कामगार म्हणायला लाजतो

यात एक अडचण आमच्याच बाजूची आहे आणि ती बोलली पाहिजे. विडी वळणारी बाई स्वतःला कामगार म्हणते, मोर्चात जाते. लेख लिहिणारी बाई शिकलेली असते, बहुतेक वेळा वरच्या किंवा मधल्या जातीतली असते, तिच्यापुढे तंबाखू नसतो, लॅपटॉप असतो. ‘कामगार’ हा शब्द तिला स्वतःसाठी नको असतो. ‘मी लेखिका आहे’ हे तिला आवडतं. एजन्सीला हे बरोबर कळलेलं असतं. ‘अनुभव मिळेल, नाव होईल’ असं सांगून पहिले पाच लेख फुकट लिहून घेतले जातात. नाव कसलं होणार? लेखाखाली नावच नसतं.

मराठी बाईचं नाव लेखाखाली येणं ही गोष्ट सहज घडलेली नाही. १८५५ साली सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं आणि ते ‘ज्ञानोदय’मध्ये तिच्या नावानं छापलं गेलं. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या नावानं काढली आणि त्यासाठी टीका सोसली. आणि आज आपण शब्दाला चार आणे घेऊन निनावी लिहितो आहोत.

नावाला कायद्याचा आधार आहे, तो आपण वापरत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे जी नोकरीत नाही अशा लेखिकेच्या लेखाची पहिली मालक तीच असते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. किती काळासाठी दिला हे लिहिलेलं नसेल तर तो पाच वर्षांपुरता धरला जातो. आणि हक्क दिल्यावरही ‘हे मी लिहिलं आहे’ असं सांगण्याचा लेखिकेचा विशेष हक्क त्या कायद्यानं मान्य केला आहे. आता एजन्सीची गंमत पाहा. पगार, रजा, निधी द्यायची वेळ आली की त्या म्हणतात, तुम्ही आमच्या नोकर नाही. आणि लेखाच्या मालकीची वेळ आली की म्हणतात, लेख आमचा! दोन्ही एकाच वेळी कसं चालेल? मी नोकर नसेन तर लेख माझा आहे. लेख तुमचा असेल तर माझा निधी भरा.

यंत्र आलं, दर उतरले

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर आमच्या कामाचं रूप बदललं. काही एजन्सी आता लेख लिहायला देत नाहीत, यंत्रानं लिहिलेला लेख ‘माणसासारखा’ करायला देतात. मला त्याला शब्दामागे ८ पैसे सांगितले गेले. यंत्र औषधाचं प्रमाण चुकीचं लिहितं, नसलेला सरकारी नियम ठोकून देतं. ते शोधून दुरुस्त करायला नव्यानं लिहिण्याइतकाच वेळ लागतो. चूक राहिली तर पैसे माझे कापले जातात. उलट, मी स्वतः लिहिलेला लेख तपासणीच्या यंत्रानं ‘हे यंत्रानंच लिहिलं आहे’ म्हणून नापास केल्याचंही झालं आहे. आता त्याच्याविरुद्ध साक्षीदार कुठून आणू?

‘तंत्रज्ञानापुढे कोणाचं चालतं?’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांना एक उदाहरण देते. अमेरिकेत सिनेमा-मालिका लिहिणाऱ्यांच्या संघटनेनं २०२३ साली १४८ दिवस संप केला आणि यंत्राच्या वापरावर बंधनं घालणारा करार मिळवला. यंत्रानं लिहिलेला मजकूर पुढे करून लेखकाचे पैसे कमी करता येणार नाहीत, हे त्यांनी कंपन्यांकडून लिहून घेतलं. यंत्र त्यांच्याकडेही तेच होतं. त्यांच्याकडे संघटना होती, आमच्याकडे ती नाही.

‘परवडत नसेल तर सोडा’

हे वाक्य मी बाहेर ऐकते आणि घरातही. याचं उत्तर असं, की बाई हे काम मौजेसाठी करत नाही. लहान मूल आहे, अंथरुणावर माणूस आहे, बाहेर पाठवत नाहीत, गावात दुसरी नोकरी नाही, म्हणून करते. तिला सोडता येत नाही हे माहीत असल्यामुळेच दर १५ पैसे राहतो.

दुसरं म्हणतात, ‘हक्काची भाषा कराल तर आहे ते कामही जाईल.’ हेच विडी कामगार बायकांना सांगितलं जात होतं. त्यांनी ऐकलं नाही. त्यांना ओळखपत्रं मिळाली, निधी मिळाला, आणि २००६ साली सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. विडी हा काही चांगला धंदा नाही. त्यानं बायकांची फुप्फुसं खाल्ली. पण त्या धंद्यातही भांडून काय मिळवता येतं, हे त्या बायकांनी दाखवलं.

घरातून काम करण्यालाच माझा विरोध आहे, असंही कुणी समजू नये. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. तिथंही बाया घरीच पापड लाटतात. पण लाटणारी प्रत्येक बाई तिथं सभासद आहे, मालकीत आणि नफ्यात तिचा वाटा आहे. घर तेच, लाटणं तेच. फरक आहे तो मालकीचा.

मागायचं काय

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, घरातून वस्तू किंवा सेवा तयार करून देणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. सेवा हा शब्द आहे, म्हणजे लेखन त्यात बसतं. त्याच संहितेच्या सातव्या अनुसूचीत ज्या प्रकारच्या प्लॅटफॉर्मनी कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी वर्गणी द्यायची, त्यांच्या यादीत ‘कंटेंट आणि माध्यम सेवा’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण बोलताना सगळे गाडीवाल्या आणि खाणं पोचवणाऱ्या मुलांपुरतंच बोलतात. घरात लिहिणारी बाई रस्त्यावर दिसत नाही, म्हणून तिची मागणी कोणी मांडत नाही. ती आपण मांडायची.

हजार शब्दांचा किमान दर ठरवा, आणि तो लागणाऱ्या तासांवर ठरवा. नापास केलेला लेख वापरायला बंदी करा. वापरला तर दुप्पट पैसे. दुसऱ्या दुरुस्तीपासून वेगळे पैसे. यंत्राचा मजकूर दुरुस्त करायला नव्या लेखाचाच दर. आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरून काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली केलेला १७७ क्रमांकाचा करार भारतानं मान्य करावा. त्यासाठी अहमदाबादच्या ‘सेवा’नं, इलाबेन भट्ट यांनी जिवाचं रान केलं होतं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर हातात आहे ते हत्यार वापरावं. काम देण्याआधी नोंदणीचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागणाऱ्याकडे काम करू नये. पैसे उकळले, ‘कराराचा भंग केला’ म्हणून वकिलाच्या नावानं धमकी आली, तर १९३० या नंबरवर तक्रार करावी. दर, मुदत आणि हक्क लेखी घ्यावेत. फोनवरचा लेखी निरोपही जपून ठेवावा. ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते. ती असली तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशिरावर व्याज मागता येतं. कोणी विचारेल, एकीकडे कामगार म्हणवता आणि दुसरीकडे उद्यम? होय. कामगार म्हणून दार उघडत नाही तोवर या दारानं पैसे वसूल करू. मागणी सोडायची नाही.

आणि सगळ्यांत आधी, आपले दर एकमेकींना सांगू या. एजन्सीचं सगळं बळ आपण एकमेकींपासून दर लपवतो यावर उभं आहे. मला २५ पैसे, माझ्या मैत्रिणीला १८, तिसरीला ४०, काम एकच. प्रत्येकीनं एक वही करावी आणि तीन रकाने आखावेत: काय लिहिलं, किती तास लागले, किती मिळाले. नापास झालेल्या लेखांना वेगळं पान. दोन महिन्यांनी आपल्या गावातल्या अशा पाच-सहा जणी वह्या घेऊन एकत्र बसा. कोणाच्या तरी घरी बसा, चहा नवऱ्याला करू द्या. आणि विडी कामगारांच्या संघटनेतली एखादी जुनी बाई मिळाली तर तिला बोलवा. छाटीवर कसं भांडायचं, ते ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.